दिवेलागणीच्या आत

हिंमतरावांचे म्हणणे असे होते की, दिवेलागणीला घरची बाई घरात असली पाहिजे; आणि या म्हणण्याविरुद्ध चिंचखेडच्या राखोंड्यांच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत कोणी ब्रही काढलेला नव्हता. यावरून ते सर्वांना पटलेले होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. ते कोणाच्या आड आलेले नव्हते, इतकेच. आड आले ते लढाई संपल्यानंतरच्या पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आणि ज्या सत्यभामाबाईंच्या आड ते आले, त्यांनी त्याला यत्किंचितही विरोध केला नाही. त्यांनी ते शब्दशः मान्य केले. पुढचा सारा गोंधळ विरोधातून नव्हे, तर या मान्यतेतून उत्पन्न झाला.

गोष्ट वडनेर भोलजीच्या सोळा एकरांची होती. ते शेत सत्यभामाबाईंना वडिलांकडून आलेले. वडिलांना मुलगा नव्हता. होती ती ही एक मुलगी, आणि तिला त्यांनी मुलाप्रमाणे दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, हाकायला शिकवून शेवटी शेतही तिच्याच नावे करून दिले. लग्नानंतर त्या शेतावर निवृत्ती, म्हणजे सत्यभामाबाईंचे यजमान आणि हिंमतरावांचे धाकटे भाऊ, महिन्यातून दोनदा जात, मुक्काम करीत आणि दुसऱ्या दिवशी परतत. परंतु गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी संधिवातापुढे हात टेकले, आणि शेताकडे कोण पाहणार हा प्रश्न उभा राहिला.

हिंमतरावांकडे उत्तर तयार होते. त्यांचा मेहुणा, कारभारी नावाचा, लोणारचा, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला होता आणि अद्याप येथेच होता. अखजीला शेतीचे साल पालटते, सालदार म्हणजे सालाचे गडी नवे ठरतात, अर्धेलीच्या बटया नव्या होतात; त्या दिवशी सुपारी फोडून शेत कारभारीला बटईने द्यावे असे त्यांनी ठरविले. बटई एक वर्षाचीच असते, हे खरे. कारभारी संक्रांतीला एक दिवसासाठीच आला होता, हेही खरे. सत्यभामाबाईंचे म्हणणे पडले की, शेत आपण स्वतःच जाऊन पाहू.

चिंचखेड ते वडनेर अंतर दहा कोस. दमणीने सकाळी निघावे तर दुपार कलल्यावर पोहोचावे. म्हणजे मुक्काम आलाच. सर्व्हिस मोटार संध्याकाळी जाई आणि सकाळी परते. जणू बायकांनी बाहेरगावी मुक्काम करावा असा तिच्या मालकाचा नवस होता. आगगाडीने जावे तर जलंबला गाडी बदला, नांदुऱ्याला उतरा, पुढे टांगा शोधा. तो मिळेपर्यंत लागलेले दिवे विझण्याची वेळ. हा सर्व हिशेब हिंमतरावांनी मनात करून ठेवलेला होता, म्हणूनच पाडव्याला त्यांनी निश्चिंतपणे अट घातली.

ती त्यांनी सत्यभामाबाईंना घातली असे म्हणता येत नाही. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलू नये आणि भासऱ्यानेही तिच्याशी बोलू नये, ही रीत दोघेही कसोशीने पाळीत. दोघांचे सगळे बोलणे मधे बसलेल्या निवृत्तीमार्फत चाले. दोघांनाही दोघांचे स्पष्ट ऐकू येत असल्याने निवृत्तींना प्रत्यक्षात काहीच सांगावे लागत नसे. फक्त बसावे लागे.

“निवृत्ती, तिले सांग,” हिंमतराव म्हणाले होते, “शेत पाहाचं असंन तं खुशाल पाहा. पण दिवे लागाच्या आत घरी. आपल्या घरची रीत हाये.”

“त्याइले म्हणा,” सत्यभामाबाई दाराआडून म्हणाल्या, “रीत मले मंजूर हाये. दिवे लागाच्या आत जाऊन आली, तं शेत माह्या हाती राहीन ना?”

“राहीन! पण उडून येशीन काय, विचार तिले.”

“त्याइले म्हणा, अखजीलोक थांबा. तोवर सुपारी फोडू नोका.”

निवृत्तींनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिले, आणि आपले कर्तव्य संपले असे समजून गुडघ्याला तेल चोळू लागले.

अखजीच्या दिवशी सकाळी पितरांच्या घागरी भरल्या गेल्या. घरची माय जाऊन अकरा वर्षे झाली होती, बाप त्याही आधी गेलेले. दोघांच्या नावाने दोन नवी मडकी गव्हाच्या राशीवर मांडून, त्यांवर खरबूज ठेवून हिंमतरावांनी पूजा केली. माहेरवाशीण म्हणून दुसरबीडहून गोजरबाई आल्या होत्या. या हिंमतरावांच्या धाकट्या आणि निवृत्तींच्या थोरल्या भगिनी. देहाने भरदार, बुद्धीने तिखट. धाकट्या भावजयीच्या बाजूने पंचवीस वर्षांत त्या एकदाही बोललेल्या नव्हत्या, आणि हा लौकिक त्यांनी प्रयत्नपूर्वक सांभाळला होता.

आमरस-पोळीची पंगत उठली. कारभारीने पाच वेळा पोळी घेतली आणि प्रत्येक वेळी “पुरे आक्का” म्हटले. वाढणाऱ्या रुखमाबाई, हिंमतरावांच्या पत्नी आणि कारभारीच्या सख्ख्या बहीण, संक्रांतीपासून हे “पुरे आक्का” दिवसातून दोनदा ऐकत होत्या.

“दाजी,” तबक पुढे सारीत कारभारी म्हणाला, “सुपारी फोडता ना? शुभ कामाले उशीर नसावा.”

हिंमतरावांनी अडकित्ता उचलला. तोच गोठ्यामागून असा आवाज झाला की, बांधलेली म्हैस दाव्यासह उभी राहिली.

तो आवाज घरात नवा नव्हता. हिंमतरावांचा मुलगा इंद्रभान लढाईत पलटणीचे टपाल मोटारसायकलवरून पोचविणारा स्वार होता. येताना त्याने लष्कराच्या मोडीतून एक हिरवी फटफटी घेतली होती. गेले तीन आठवडे पहाटे गावाबाहेरच्या खळ्यावर तिची फडफड चाले, आणि पूजेला बसलेले हिंमतराव रोज म्हणत, “कार्ट्यानं पेट्रोल जाळलं!” कार्टे खळ्याच्या कडेला बसून चहा पीत असे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

फटफटी गोठ्याला वळसा घालून अंगणात आली. तीवर सत्यभामाबाई बसलेल्या होत्या. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट ओढलेला. आणि हे वस्त्र ज्यांनी प्रथम योजिले त्यांच्या मनात फटफटी नसली, तरी तीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्यास त्याहून सोयीचे वस्त्र आजवर निघालेले नाही, हे तेथे कोणीही मान्य केले असते. डोक्यावरचा पदर भासऱ्यांच्या मानासाठी कपाळापर्यंत ओढलेला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावरून इंद्रभानचा लष्करी चष्मा बांधलेला होता.

“निवृत्ती,” हिंमतराव म्हणाले, “हे काय हाये?”

“फटफटी, दादा.”

“ते दिसते मले. वर कोन हाये?”

निवृत्तींनी बायकोचे नाव आजवर कधी घेतलेले नव्हते. “इंद्रभानची काकू,” ते म्हणाले.

“इंद्र्या! तू शिकोलं इले?”

“मी फक्त पडाच्या जागा दाखोल्या, बाबा,” इंद्रभान म्हणाला. “पडली काकू तिची तीच. शिकलीबी तिची तीच.”

यात विनय होता. एक गोष्ट मात्र त्याला खरोखरच शिकवावी लागली होती. सत्यभामाबाईंचे हात कासऱ्यावर वाढलेले. बैल थांबवायचा तर कासरा आपल्याकडे ओढायचा, हे त्या हातांना वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक होते. फटफटीच्या उजव्या मुठीचा स्वभाव नेमका उलटा: ती आपल्याकडे ओढून पिळली की फटफटी धावे आणि सोडली की मंदावे. पहिल्या आठवड्यात सत्यभामाबाईंनी जितक्या वेळा फटफटी थांबवू पाहिली, तितक्या वेळा ती कडब्याच्या गंजीत शिरली. शेवटी इंद्रभानने त्यांना सांगितले, “काकू, हे जनावर धरल्यानं पळते अन् सोडल्यानं थांबते.” सत्यभामाबाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “असं जनावर मी पाह्यलं नाही. पण अशी माणसं पाह्यली हायेत.” त्या दिवसापासून गंज सुरक्षित राहिली.

आता त्या सगळ्यांसमोर फाटकाकडे निघाल्या. सारे ठीक चालले होते. इतक्यात एक वासरू, ज्याला या चर्चेत काहीच स्थान नव्हते, समोरून आडवे गेले. आणि सेहेचाळीस वर्षांच्या हातांनी तीन आठवड्यांचे शिक्षण टाकून देऊन कासरा ओढला.

फटफटीने झेप घेतली. ती वासराला टाळून डावीकडे वळली, धोतरावर वाळत घातलेल्या कुरडयांवरून, म्हणजे रुखमाबाईंच्या चार दिवसांच्या कष्टांवरून, गेली आणि पंगतीच्या पाटांना प्रदक्षिणा घालून कारभारीच्या रोखाने निघाली. जसजशा सत्यभामाबाई घाबरल्या तसतशा त्या जोराने ओढू लागल्या, आणि जसजशा ओढू लागल्या तसतशी ती धावू लागली. कारभारी तबक डोक्यावर धरून बाजेवर चढला.

“सोड!” हिंमतराव ओरडले. उधळलेल्या बैलामागे फरफटत जाणाऱ्या माणसाला ओरडावे तसे ते ओरडले. “सोड वो! मूठ सोड!”

“कशी सोडू? पडन ना मी!”

“पडली तं पड, पन सोड!”

त्यांनी सोडली. फटफटी बाजेपासून हातभर अंतरावर दोनदा उचकी देऊन बंद पडली.

अंगणात सारे एकमेकांकडे पाहू लागले. अपघात टळला म्हणून नव्हे. भासरे आणि भावजय एकमेकांशी बोलले होते, पंचवीस वर्षांत प्रथम, आणि तेही खणखणीत. ते दोघांच्या एकदमच लक्षात आले. सत्यभामाबाईंनी पदर पुढे ओढला. हिंमतराव घसा खाकरून वळले आणि म्हणाले,

“निवृत्ती, तिले विचार, लागलं काय?”

“त्याइले म्हणा, नाही लागलं. जाऊबाईच्या कुरड्या मी करून देईन.”

“हे पाहा दाजी,” बाजेवरूनच कारभारी म्हणाला, “झाला ना तमाशा? फोडा आता सुपारी.”

“काऊन?” इंद्रभान म्हणाला. “अट वडनेरले जाऊन याची होती मामा, वासराले धडक देयाची नव्हती.”

हिंमतराव विचारात पडले. ते हट्टी होते, अन्यायी नव्हते; आणि हट्टी माणसाचा मोठा दोष हा की, तो स्वतःच्या शब्दालाही सोडीत नाही. “ठीक,” ते म्हणाले. “पन एकटीनं नाही. अन् खरंच वडनेरले गेली हे मले कोन सांगन? साक्षीदार पाहिजे. गोजर, तू जाय मागं बसून.”

ही योजना त्यांना अभेद्य वाटली. गोजरबाई भावजयीसाठी खोटे बोलणार नाहीत, हे जगजाहीर होते. आणि त्या भुतावर त्या बसणारच नाहीत, हे त्याहून जगजाहीर होते.

“मी?” गोजरबाई म्हणाल्या. “माय वो! माह्या लेकीच्या लग्नात मी मोटारीत बसली नाही!”

येथे प्रकरण संपले असते. पण कारभारी हसला. “नोका बसू ताई,” तो म्हणाला. “तुमी बसल्या तं चाक जमिनीत जाईन, अन् विहीर लागन.”

गोजरबाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग पायातल्या जोडव्यांकडे पाहिले. मग त्यांनी काष्टा खोचला.

“सत्यभामे,” त्या म्हणाल्या, “मागं गोधडी टाक. दोन टाक.”

गोजरबाईंनी पहिला कोस डोळे मिटून काढला. दुसऱ्या कोसात त्यांनी एक डोळा उघडला, तेव्हा बाभळी उलट्या पळत असलेल्या दिसल्या म्हणून तो पुन्हा मिटला. नांदुऱ्याच्या अलीकडे त्या बोलू लागल्या आणि मग थांबल्या नाहीत.

“हळू घे वो! कोनाच्या मयताले जाऊन राह्यलो काय आपण?”

“हळूच हाये, आक्का. टांग्याले तं आत्ता मागं टाकलं.”

“टांग्यात कोन होतं?”

“पाह्यलं नाही.”

“मी पाह्यलं. त्यानं मले पाह्यलं. तोंड असं उघडं राह्यलं त्याचं!” आणि गोजरबाई, ज्यांना हसताना भावजयीने कधी पाहिले नव्हते, तिच्या पाठीला डोके टेकून हसल्या.

साडेतीनच्या सुमारास त्या वडनेरच्या शेतावर पोहोचल्या. सालदाराची बायको तानुबाई विहिरीजवळच्या खोपटातून धावत आली. फटफटी पाहून परत आत पळाली. आणि मालकीण ओळखू आल्यावर पुन्हा धावत आली. सत्यभामाबाईंनी धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, चक्कर मारली, नांगरट पायाखाली घालून पाहिली, दोन ठिकाणी सालदाराला रागावल्या, एका ठिकाणी शाबासकी दिली. येथवर साक्षीदाराने सर्व डोळ्यांत साठवले आणि आता निघावे असे सुचविले. ऊन उतरू लागले होते.

“एक काम राह्यलं,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

तानुबाईने एक नवे मडके आणून ठेवले होते. सत्यभामाबाईंनी विहिरीचे पाणी ओढले, मडके भरले, खोपटासमोर मूठभर गव्हावर मांडले, पानावर घरून आणलेली पोळी ठेवली आणि पदर पसरून बसल्या. गोजरबाईंना मंत्र ऐकू येईल असे वाटले होते. ऐकू आले ते असे:

“बाबा, आली मी. उशीर झाला, पन आली. औंदा नांगरट चांगली झाली. खालच्या तुकड्यात हराळी हाये, ते मी पाहून घेतो. जेवा आता.”

गोजरबाई उभ्या होत्या त्या बसल्या.

“दर साली तू...?” त्यांनी विचारले.

“आजवर ते येत. जावई म्हणून बाबाचं नाव घेऊन घागर भरत. औंदा त्याइचे गुडघे...” सत्यभामाबाईंनी बोलणे अर्धे सोडले. “माह्या बापाले दुसरं कोन हाये, आक्का? कारभारी ज्वारी पेरन, कापूस येचन, सगळं करन. पन माह्या बापाची घागर तो काऊन भरन?”

गोजरबाई मडक्याकडे पाहत राहिल्या. त्या सकाळी त्यांच्याही बापाची घागर भरली गेली होती. भावांनी भरली, भावांनी पूजली. त्या पाहुण्यांच्या पाटावर बसून होत्या, आणि बापाशी दोन शब्द बोलावेत हे कोणी सुचविले नाही, त्यांनाही सुचले नाही.

“थोडं थांब,” त्या अखेर म्हणाल्या. “जेवू दे त्याइले. येवढ्या लंबून आल्यावर लगेच उठून नाही पळत.”

अशा रीतीने, उशीर झाला तो साक्षीदारामुळे. आणि पुढे झाला तो म्हशींमुळे. खामगावच्या अलीकडे सारा रस्ता घरी परतणाऱ्या म्हशींनी भरून गेला होता. म्हैस बाजूला होत नाही. मागून फटफटी आली म्हणजे तर ती उभी राहून मागे पाहते. सत्यभामाबाई पाय टेकीत, मूठ सोडीत, धरीत, म्हशींच्या चालीने चालल्या. मावळतीला सूर्य टेकला होता.

“हाल वो भवाने!” गोजरबाई मागून ओरडल्या. मग त्या उतरल्या, दुसरबीडच्या बाजारात गाजलेला आपला आवाज त्यांनी पूर्ण उघडला, हातातली गोधडी फिरवली आणि चाळीस म्हशी शेतात घातल्या. गुराखी तोंड उघडे टाकून पाहत राहिला. त्या परत येऊन बसल्या.

“चाल,” त्या म्हणाल्या. “अन् हळू घेजो म्हनलं होतं ना मी? ते ध्यानात ठेवू नोको.”

चिंचखेडला सूर्य मावळला. दिवेलागण म्हणजे नेमकी कोणती वेळ, याविषयी वाद होऊ शकला असता. पण राखोंड्यांच्या घरी तो नव्हता. घरची थोरली सून तुळशीपाशी दिवा लावी, ती दिवेलागण. म्हणजे गेली अकरा वर्षे ती रुखमाबाईंच्या हाती होती.

“आक्का,” बाजेवरून कारभारी म्हणाला, “दिवा लाव ना. अंधार पडून राह्यला.”

“लावतो.”

रुखमाबाईंनी वात घेतली. ती नीट वळलेली नव्हती; त्यांनी ती उलगडून पुन्हा वळली. मग निरांजन घासलेले नाही असे त्यांच्या लक्षात आले. ते त्यांनी घासले, आणि राखेने घासून समाधान होईना म्हणून चिंचेनेही घासले.

“आक्का, दिवा!”

“तेल संपलं वाटते.”

“सकाळीच तं आणलं बुधलाभर!”

“मंग तूच शोध ना.”

कारभारी उठला नाही; उठण्याची त्याला सवय नव्हती. “एक डाव शेत भेटू दे, आक्का,” तो आळस देत म्हणाला. “मंग लोणार काय करू? वडनेरले जाईन दोन दिवस, बाकी इथंच राहीन. तुह्या हातची पोळी सोडून कुठं जातो?”

रुखमाबाईंचा हात निरांजनावर थांबला. त्यांचे भावावर प्रेम नव्हते असे नाही. अखजीला, दिवाळीला, संक्रांतीला भाऊ दारी यावा म्हणून त्या वाट पाहत. परंतु वाट पाहण्यासाठी भाऊ मुळात दुसरीकडे असावा लागतो. आणि “पुरे आक्का” हे दोन शब्द आता आयुष्यभर दिवसातून दोनदा ऐकायचे, हे चित्र त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी काड्यापेटी घेतली, पाण्याच्या हंड्याशी गेल्या आणि तिथून सावकाश परत आल्या.

“काड्यापेटी ओली झाली,” त्या म्हणाल्या.

हिंमतराव तेथे नव्हते. ते ‘जरा वारं घेतो’ असे सांगून गावकुसापर्यंत गेले होते आणि गेली दोन घटका वाऱ्याकडे पाठ करून रस्त्याकडे पाहत उभे होते. आधी त्यांनी स्वतःला सांगितले की आपण अट मोडल्याची खात्री करून घेत आहोत. मग चांदणी दिसली, अट निश्चित मोडली, खात्री झाली. आणि तरी त्यांचे पाय घराकडे वळेनात. “गोजर जड हाये,” ते इंद्रभानला म्हणाले. “वळणावर तोल गेला असंन तं?”

“काकू नाही पाडाची आत्याले.”

“तुले काय मालूम? तू खळ्यावर चहा पेत होता.” कारण दुपारपासून त्यांनी सर्व चौकशी केली होती.

मग दूरवर आवाज आला. हिंमतरावांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, आणि मुलगा पाहत आहे असे दिसताच ते आवाजाच्या आत घरी पोहोचावे म्हणून धोतर सावरीत चक्क पळाले.

फटफटी अंगणात आली तेव्हा आकाशात ताऱ्यांची दाटी होती. सत्यभामाबाईंनी मूठ सोडली. ती शांतपणे थांबली. त्या उतरल्या, आकाशाकडे पाहिले आणि मान खाली घातली. रीत त्यांना मंजूर होती; आता तिची शिक्षाही मंजूर असल्यासारख्या त्या निवृत्तींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“रात्र झाली, दाजी,” कारभारी तबक घेऊन उभाच होता.

“दिवा कुठं हाये?” धापा टाकीत हिंमतराव म्हणाले. तुळशीपाशी अंधार होता. “काऊन वो, दिवा काऊन नाही लावला?”

सगळे रुखमाबाईंकडे पाहू लागले. वात, तेल आणि काड्यापेटी ही तिन्ही कारणे संपली होती. चौथे त्यांच्या तोंडून निघाले ते त्यांनाही अनपेक्षित होते.

“घरची बाई बाहेर असली तं दिवा लावू नाही,” त्या म्हणाल्या. “ती आल्यावर लावा. सासूबाईनं सांगतलं होतं मले.”

“मायनं?”

“हाव. मराच्या आधी.”

हिंमतरावांनी तुळशीकडे पाहिले. मायचा शब्द त्या घरात शेवटचा असे. पण हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. ते वळले.

“गोजर,” ते म्हणाले, “माय म्हनत होती असं?”

गोजरबाई अजून फटफटीवरच बसल्या होत्या, कारण पाय उतरायला तयार नव्हते. मायला त्या जितक्या ओळखत होत्या तितके कोणी ओळखत नव्हते. मायने दिवा एका पळानेही कधी उशिरा लावला नव्हता. गोजरबाईंच्या जन्माच्या दिवशीही तो लावून मगच ती बाजेवर पडली, ही गोष्ट तिने स्वतः शंभरदा सांगितली होती.

“म्हनत होती ना,” गोजरबाई म्हणाल्या. “रोज म्हने. तुमी मानसं बाहेर बसत, तुमाले काय ऐकू येते?”

पंचवीस वर्षांत सत्यभामाबाईंनी प्रथमच नणंदेकडे पदराआडून न पाहता सरळ पाहिले.

“निवृत्ती? तुले आठोते?”

निवृत्तींना फार दिवसांनी खरोखर काही विचारले गेले होते. त्यांनी विचार केला. “मले तं,” ते म्हणाले, “लहानपणापासून आठोते.”

“दाजी, हे सगळे...” कारभारीने सुरुवात केली.

“थांब बे!” हिंमतराव म्हणाले. ते मायच्या घागरीसमोर जाऊन उभे राहिले. त्या मडक्यातल्या पाण्याकडे त्यांनी इतका वेळ पाहिले की, ते तिथे साक्ष घेत आहेत की क्षमा मागत आहेत हे मागे उभ्या असलेल्यांना ठरवता येईना. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा अत्यंत गंभीर होता.

“हाव,” ते म्हणाले. “आठोलं मले. म्हनत होती माय.”

मग त्यांनी स्वतःच्या खिशातली कोरडी काड्यापेटी काढून रुखमाबाईंच्या हाती दिली. तुळशीपाशी दिवा लागला; सुपारी तबकात अखंडच राहिली. कारभारी दुसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणानंतर लोणारला गेला.

आणि त्या अखजीपासून चिंचखेडच्या राखोंड्यांच्या घरी, बाहेर गेलेली शेवटची बाई परतेपर्यंत दिवा लावीत नाहीत. ही रीत फार जुनी आहे, असे तेथील मुलांना सांगितले जाते.